जांभ्याच्या बुद्धाचे डोळे

आक्का,

चारचौघांत मी तुला 'तुम्ही' म्हणायचे आणि चुलीपाशी 'तू'. तू थोरली जाऊ, मी धाकटी. लोकांसमोर तसंच शोभायचं. हे मी चुलीपाशी बसून लिहितेय, म्हणून 'तू'. कोणाला दाखवायचं नाही. माझं चौथीपर्यंतचं अक्षर तुला वाचता येत नव्हतं. तू नुसती बघायचीस आणि म्हणायचीस, "मुंग्या सरळ चालल्यात गो बाय तुज्या." त्याच मुंग्या आज तुझ्याकडे सोडतेय.

तू गेल्यावर तुझ्या जलदानविधीच्या शोकसभेत विहारात काय झालं ते तुला सांगायचं आहे. तुझ्या विजयनं, तुझ्याच पोटच्या मुलानं, सगळ्या वाडीसमोर उभं राहून सांगितलं की आईच्या नावानं विहाराला संगमरवरी बुद्धमूर्ती देणार आणि जुनी मूर्ती मानानं खाडीत सोडायची. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत, पण वाजवल्या. तुझा फोटो हार घालून समोर ठेवला होता. त्याच्या मागं आपले बुद्ध बसले होते, गेल्या वर्षी तू काढलेल्या डोळ्यांनी खाली बघत.

मी बायकांच्या मागच्या रांगेत खांबाला टेकून बसले होते. पदराचं टोक मुठीत धरलेलं, ते घामानं भिजलं.

तिथंच थांबते. आधी मला त्या मूर्तीचं सगळं एकदा सरळ लिहून काढू दे. आजवर ते तूच सांगायचीस. वैशाख पौर्णिमेला खिरीचं पातेलं उतरवून झालं की पायरीवर बसायचीस आणि मुंबईहून आलेल्या पोराबाळांना गोळा करायचीस. तुझा आवाज खाडीपलीकडे जायचा. तुझ्यामागं ते सांगणारं कोणी नाही. मला सगळं पाठ आहे, पण माझा आवाज शेजारच्या घरापर्यंतही पोचत नाही.

वाडीनं धम्म घेतला तेव्हा घराघरातले देव टोपल्यांत भरून खाडीत सोडले. आपल्याही घरचे सोडले. तू लग्न होऊन आलीस तेव्हा देवाचा कोनाडा रिकामाच होता. आते, म्हणजे आपली सासू, तिन्हीसांजेला सवयीनं दिवा लावायची आणि मग दिवा हातात घेऊन उभी राहायची, आता तो ठेवायचा कुठं? तू तिची नक्कल करून दाखवायचीस. आधी हसू यायचं आणि मग यायचं नाही.

मग वाडीनं विहार बांधायचं ठरवलं. आपले सासरे आणि वाडीतले बरेचसे पुरुष जांभ्याच्या खाणीत चिरे काढायला जायचे. कोपरा उडालेले, मधून फुटलेले, कोणी न घेतलेले चिरे त्यांना नेऊ द्यायचे. तेच डोक्यावरून आणून भिंती उभ्या केल्या. म्हणून आपल्या विहाराची एकही कड सरळ नाही. नवीन माणूस आला की तू त्याला हाताला धरून भिंतीपाशी न्यायचीस. "बगा. येक चिरा धड नाय, आनी भिंत हाय तशी उभी हाय."

मूर्ती कुठून आणायची, हा प्रश्न होता. सासरे म्हणाले, मी काढतो. खाणीवरचा मुकादम पोट धरून हसला. "जांभ्याचा कदी देव झालाय काय रे? जांभा कुंपनाच्या गडग्याला घालावा, नायतर पायखान्याला. देवाला काळा पाषाण लागतो."

सासरे म्हणाले, "आमाला देव नकोच हाय. आमाला बुद्ध पायजे."

हे वाक्य तू सांगायचीस तेव्हा पायरीवर उभी राहायचीस. बसून ते तुला कधी म्हणताच आलं नाही. गावातल्या देवळाचं जोतं आपल्याच माणसांनी काढलेल्या चिऱ्यांचं, आणि आपली माणसं त्या जोत्याच्या खाली उभी राहून हात जोडायची. ज्या दगडावर पाय ठेवायचीसुद्धा मुभा नव्हती, त्या दगडात सासऱ्यांना बुद्ध दिसले. याच्यापेक्षा मोठं काही आपल्या घराण्यात झालेलं नाही, आणि तू गेल्यापासून मी हे मनात रोज म्हणते.

जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो. वारा लागला, सुकला की घट्ट होत जातो. सासऱ्यांनी दोन-तीन चिऱ्यांएवढा अखंड दगड निवडला. पुरुषांनी तो बांबूला बांधून अंगणात आणला. खाणीतून परत आले की दिवस मावळेपर्यंत ते छिन्नी चालवायचे. दिवसभर दगड सुकू नये म्हणून त्याच्यावर ओली गोणपाटं घालायची, आणि ती ओली ठेवायचं काम तुझं. नवी नवरी तू, हातावरची हळदही गेली नव्हती. विहिरीवरून हंडे आणायचीस आणि दगडावर ओतायचीस. शेजारणी विचारायच्या, "नव्या सुनेला न्हाऊ घालायचं, तर ही दगडाला काय न्हाऊ घालते?" तू म्हणायचीस, "तो माज्या आदी मोठा व्हायला पायजे."

सासऱ्यांसमोर मुंबईहून आलेलं एक कॅलेंडर होतं. बुद्धांचं चित्र त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यावर पाहिलं. चित्र समोरून काढलेलं. पाठ कशी असते ते त्यांना कोण सांगणार? म्हणून त्यांनी पाठ तशीच सोडली. आजही मूर्तीच्या मागं हात फिरवला की टिकावाचे घाव लागतात. मला समोरच्यापेक्षा ती पाठच जास्त आवडते. हे तुला कधी सांगितलं नाही. दरवर्षी मूर्ती धुताना पाठ मी मागून घ्यायचे, तुला वाटायचं मला पुढं यायची लाज वाटते. लाज तर वाटायचीच. पण त्या घावांवरून हात फिरवला की सासरे शेजारी उभे आहेत असं वाटायचं. मी आले तेव्हा ते नव्हते. त्यांची आणि माझी ओळख तेवढीच.

कॅलेंडर ट्रंकेत घडी घालून आलं होतं आणि घडी नेमकी डोळ्यांवर पडली होती. तिथला रंग उडून पांढरी रेघ राहिली होती. डोळे उघडे की मिटलेले? कोणी म्हणालं, ध्यानाला बसलेत तर मिटलेलेच असणार. पण मिटलेले म्हणजे कसे? झोपलेल्या माणसासारखे, की दुसरे कसे? सासऱ्यांचा हात तिथं थांबला, आणि तू सांगायचीस की तू गोणपाटं भिजवत राहिलीस आणि दगड घट्ट होत राहिला.

पुढचं तू पायरीवर कधी सांगितलं नाहीस, कारण मी सांगू दिलं नाही.

दुपारी जेवणं झाली की आते पडवीत तांदूळ निवडायला बसायची. सूप मांडीवर, पाठ खांबाला. निवडता निवडता तिचे डोळे अर्धे मिटायचे, ओठ किंचित हसल्यासारखे व्हायचे, हात सुपातच थांबायचा. कोणी म्हटलं, "आते, झोपलीस काय?" की डोळे न उघडता म्हणायची, "झोपलेय कुठं? ऐकतेय." आणि खरंच ऐकत असायची. मागच्या दारी कोण कोणाला काय म्हणालं ते संध्याकाळी बरोबर सांगायची. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, मी आले तेव्हा आते होती.

सासऱ्यांनी एका सुट्टीच्या दुपारी तिला तशी पाहिली आणि छिन्नी उचलली. तू तिथंच होतीस, हंडा कमरेवर. ते एकदा पडवीकडे बघायचे, एकदा दगडाकडे. आतेला कळलंच नाही. का तिला कळलं होतं आणि ती मुद्दाम हलली नाही, यावरही आपण दोघी बोललोय.

पण आपलं खरं भांडण दुसरंच. तू म्हणायचीस, हे सगळ्यांना सांगू या. मी म्हणायचे, नको. लोक हसतील. म्हणतील, बुद्ध म्हणून आपल्या सासूला बसवलं विहारात. कोणी म्हणेल, एवढी वर्षं आम्ही हिच्या सासूला वंदन करत होतो काय? भावकीतलं बोलणं तुला माहीत होतं.

"मग करू दे ना वंदन," तू म्हणायचीस. "आतेनं काय कमी केलंय? बुद्ध मानूस होता ना? मग त्याला मानसाचं तोंड नको? आबाळातनं तोंड पडनार हाय?"

"तरी पण नको, आक्का."

"तुजा तरी पण नको म्हंजे कुलूप हाय कुलूप."

एवढी तोंडाळ तू, पण त्या कुलपाला हात लावला नाहीस. कितीतरी पौर्णिमा गेल्या, डोळ्यांपाशी गोष्ट आली की तू माझ्याकडे बघायचीस, मी मान हलवायचे, आणि तू पोरांना म्हणायचीस, "मग डोळं झाले. चला, खीर घ्या." वाडीत कोणाचं ऐकलं नसशील, माझं ऐकलंस. तुला मी याबद्दल कधी काही म्हटलं नाही. आज म्हणते, तू माझा मान राखलास.

जांभा भोकाभोकांचा. त्याच्यात पापणीची रेघ काही राहीना. सासऱ्यांनी डोळ्यांना फक्त उंचवटा दिला, सगळ्या मूर्तीवर चुना चढवला आणि पापणीची रेघ काजळीनं ओढली. पुढच्या पावसाळ्यात ती गेली. पुन्हा ओढली. तिथून आपल्या वाडीची रीत पडली, वैशाख पौर्णिमेच्या आधी मूर्ती धुवायची, रंगवायची आणि शेवटी डोळे काढायचे. सासरे गेल्यावर डोळे तुझ्याकडे आले. पडवीत आतेला बघत त्यांनी ते डोळे कसे घडवले, ते बघणारी तू एकटीच होतीस.

चुना टिकेना तेव्हा तुला बंदरावरचे हसनमामू आठवले. ते होड्या रंगवायचे. डब्यांच्या तळाशी उरलेला रंग ते तुला द्यायचे. म्हणायचे, "घे बहिणी. या रंगाला दर्या घाबरतो, तुमचा पाऊस काय चीज आहे." उरलेला रंग म्हणजे जो असेल तो. एका वर्षी पिवळा नव्हताच, म्हणून बुद्धांचं चीवर होडीच्या निळ्या रंगाचं झालं. पौर्णिमेला बाहेरगावचे भंतेजी आले, बराच वेळ बघत राहिले. आपण सगळ्या खाली माना घालून उभ्या. मग ते म्हणाले, "समुद्राकाठचे बुद्ध आहेत, शोभतं त्यांना." त्या दिवशी तू भंतेजींना खीर वाढताना पातेलंच पुढं केलंस.

आणि तू सुनेच्या बाळंतपणाला मुंबईला अडकलीस ते वर्ष! पौर्णिमा तोंडावर, डोळे काढायला कोणी नाही. मला सगळ्यांनी विचारलं, मी पातेली घासायला उठून गेले. पुरुष म्हणाले, त्यात काय, हसनमामूंना बोलवा, रंगात त्यांचा हात धरणारा कोण आहे? मामू आले. आधी दारातच थांबले. "मी मूर्तीबिर्ती नाय करत बाबांनो. डोळे म्हणता तर काढून देतो, होडीच्या तोंडावर, नाळेवर काढतो तसे." बसले आणि काढले. काय सुंदर काढले! टपोरे, काळेभोर, टक्क उघडे. मामू मागं सरकून म्हणाले, "डोळे उघडे पायजेत. नायतर खडक कसा दिसणार?"

वर्षभर बुद्ध वाडीकडे टक लावून बघत राहिले. विहारासमोरून पिऊन येणारे गडग्याच्या मागून वाकून जायला लागले. भावकीतल्या दोन चुली एक झाल्या. विहारातल्या आंब्याचा एक आंबा पोरांनी पाडला नाही. आणि तू मुंबईहून आलीस, पिशवी हातातच, विहाराच्या दारात उभी राहिलीस आणि म्हणालीस, "अगो बाय! ह्यो कोन?"

मी म्हटलं, पुसून टाक आणि तुझे काढ.

"पुसायचं नाय. मामूनं मनापासून काढलेत. जागू दे त्यांना वरीसभर, लय दिवस मिटून बसलेत."

पुढच्या पौर्णिमेला तू डोळे पुन्हा मिटवलेस. त्या दिवशी मामूंना खास जेवायला बोलावलंस, त्यांचं मन राहावं म्हणून. ते मूर्तीकडे बघून म्हणाले, "बरं केलंस. बंदरात लागली आता तुमची होडी."

विजयला यातलं फारसं ठाऊक नाही, तो शिकायला लवकर मुंबईला गेला, तिथंच नोकरीला लागला. तुला त्याचा राग येऊ नये म्हणून सांगते, त्याचं चुकलं नाही. त्याला त्याच्या आईसाठी मोठं काही करायचं होतं. मोबाइलवर त्यानं सगळ्यांना फोटो दाखवला. मूर्ती खरंच देखणी. पांढरीशुभ्र, नाक कसं सुरीसारखं. माझ्या शेजारच्या बाईनं फोटो बघून हात जोडले. पुढं बसलेले गणूतात्या, आपल्या वाडीचे अध्यक्ष, म्हणाले, "विजू, आईचं नाव काढलंस." सगळं ठरल्यासारखंच झालं होतं. पुढच्या भरतीला मूर्ती खाडीत न्यायची.

मला तेव्हा ती टोपली दिसली. मी पाहिलेली नाही, तुझ्या सांगण्यातली. त्याच खाडीत वाडीनं जुने देव सोडले होते. ते सोडले, कारण ते आपले नव्हते, आपल्याला कधी त्यांनी जवळ येऊ दिलं नव्हतं. आणि आता हे? हे तर आपल्याच हातचे. त्यांच्यावर तू हंडे ओतलेस.

तू नेहमी विहारात माझ्या डाव्या हाताला बसायचीस. त्रिसरण म्हणताना माझा आवाज आत गेला की तुझं कोपर माझ्या बरगडीत बसायचं. नवीन होते तेव्हा तर मी नुसते ओठ हलवायचे. तू वंदना झाल्यावर म्हणालीस, "मला तुजा येक शबूद ऐकू आला. उद्या दोन यायला पायजेत." त्या दिवशी शोकसभेत माझ्या डाव्या हाताला जागा मोकळी होती. कोणीतरी सरकून बसायला आलं तर मी तिथं हात ठेवला.

आणि मी बोलले. कशी ते विचारू नको.

"विजय, ती तुझी आजी आहे रे."

पुढं कोणाला ऐकू गेलं नाही. गणूतात्या म्हणाले, "कोन बोललं? बायकांत कोन बोललं?" बाया इकडंतिकडं बघायला लागल्या. एवढ्या वर्षांत माझा आवाज कोणाच्या ओळखीचा नव्हता.

विजय म्हणाला, "काकी, तू बोललीस? काय म्हणालीस?"

मी उभी राहिले. गुडघे आपसूक उभे राहिले म्हण. "मूर्तीचं तोंड तुझ्या आजीचं आहे. तुझ्या आजोबांनी तिला पडवीत बघून काढलंय. तुझ्या आईनं पाहिलं होतं. मी तिला सांगू दिलं नाही. लोक हसतील म्हणून."

आक्का, कोणीतरी हसलंच. मागच्या बाजूला, पुरुषांत. मला वाटलं, झालं. मी म्हणत होते तेच झालं.

पण गणूतात्या उठले. त्यांना आता नीट दिसत नाही, ते मूर्तीच्या अगदी जवळ गेले, मान एका अंगाला कलती केली, दुसऱ्या अंगाला केली. आणि मोठ्यानं म्हणाले, "अरे, ही तर आते! जेवल्यावर अशीच बसायची म्हातारी. मी पेरू चोरायला यायचो, वाटायचं झोपलेय. मी झाडावर चडलो की म्हनायची..."

ते थांबले, आणि विजयनं वाक्य पुरं केलं. "झोपलेय कुठं? ऐकतेय."

तो पाच-सहा वर्षांचा असताना आते गेली. दुपारी तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायचा, आठवतं ना? तो पुढं गेला. तुझ्या फोटोला वळसा घालून मूर्तीसमोर बसला. आधी त्यानं नीट पाहिलं. मग बुद्धांच्या मांडीवर हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. जे हसले होते, तेही उठून जवळ बघायला आले. म्हातारी माणसं नव्या सुनांना सांगायला लागली, ही आते, अशी होती, तशी होती. मीच बिचारी उभी, मला कोणी बस म्हणेना.

विजय मागं वळला तेव्हा त्याचे डोळे लाल होते, पण थोडा रुसलेलाही होता. तुझाच मुलगा. "मग आईच्या नावानं मी काय करू? आईचं काहीच नको काय इथं?"

मी म्हटलं, "छप्पर गळतंय बाळा. उजव्या खांद्यावर धार येते त्यांच्या. तुझी आई दर पावसाळ्यात तिथं टोप उपडा घालायची."

"टोप?"

"डोक्यावर नव्हे रे. खांद्यावर."

तेव्हा मात्र सगळीच हसली, तोही हसला. तुझ्या शोकसभेत हसणं झालं, आणि मला ते वाईट वाटलं नाही. संगमरवरी मूर्ती तो मुंबईला त्यांच्या वस्तीतल्या विहारात देणार आहे. इथल्या छपराला माणसं लागली. वासे उतरवले तेव्हा मूर्तीवर ताडपत्री घातली. मी मात्र आतून एक गोणपाट घातलं, ओलं नव्हे, कोरडं. आता ते घट्ट झालेत, त्यांना भिजवायची गरज नाही.

आणि बघ, कुलूप निघालं तर काय झालं? काही झालं नाही. वंदना झाली की बाया आता मूर्तीजवळ जास्त वेळ थांबतात. आपल्या माणसाकडे बघावं तसं बघतात. तू म्हणत होतीस तेच खरं. बुद्धांना माणसाचं तोंड हवं, आणि ते आपल्यातल्याच कोणाचं असलं तर बुद्ध काही लहान होत नाहीत, आपण मोठे होतो. एवढं तुझ्यासमोर म्हणायचं राहिलं. तू नुसतं 'बग' म्हणाली असतीस आणि आठवडाभर त्यावरून मला टोचत राहिली असतीस. ते टोचणं मला हवं होतं.

मग पौर्णिमा आली. तुझ्याशिवायची.

हसनमामूंच्या सुनेनं रंगाचे डबे पाठवले, तू गेल्याचं तिला कळलं होतं. यंदा उरलेला नाही, नवीन पिवळा पाठवला. बायांनी मूर्ती धुतली. मी पाठ धुतली. अंग रंगवलं, चीवर रंगवलं. मग सगळ्या मागं सरकल्या. माडाच्या झावळीतली काडी, हीर, आणि त्याच्या टोकाला गुंडाळलेला कापूस, तुझं ते रेघ ओढायचं हत्यार, कोणीतरी माझ्या हातात ठेवलं. कोणी ठेवलं ते मी पाहिलंही नाही.

मला आतेचे डोळे आठवतात, पण ओढायला लागले तेव्हा समोर आली तू. या हिवाळ्यात तू पडवीत बसायचीस, पाय उन्हात, डोकं सावलीत. मी मसाल्याच्या मिरच्यांची देठं काढत असायचे आणि काहीतरी सांगत असायचे. सगळ्या जगात एकटी तूच, जिच्याशी मी इतकं बोलले. बोलता बोलता बघितलं तर तुझे डोळे अर्धे मिटलेले. डावा पुरता, उजव्याची एक फट उघडी. मी गप्प झाले की तू डोळे न उघडता म्हणायचीस, "थांबलीस का?"

तेच काढले. डावा मिटलेला, उजव्याला एक फट. हीर ठेवला तेव्हा कळलं की रेघ मी सरळ ओढली होती, तू म्हणायचीस त्या मुंग्यांसारखी.

सगळ्या जवळ आल्या. कोणी विचारलं नाही कोणाचे डोळे. एकीनं तोंडावर पदर घेतला. विजयची बायको हळूच म्हणाली, "सासूबाई." मी नको म्हटलं नाही.

संध्याकाळी वंदनेला विहार भरला. नवी कौलं, पांढरे कपडे, मेणबत्त्या. मी माझ्या जागी बसले, खांबापाशी, डाव्या हाताला जागा ठेवून. गणूतात्यांनी सुरुवात केली, "बुद्धं सरणं गच्छामि," आणि सगळ्यांच्या मागं माझाही आवाज निघाला, आणि सवयीप्रमाणं मध्येच आत गेला. मी वाट बघितली. बरगडीत कोपर लागलं नाही.

समोर बुद्ध बसले होते, उजव्या डोळ्याची फट उघडी ठेवून. झोपले नव्हते.

मी आवाज चढवला.